दोन्हीकडून होकार

परिषद आठवड्यावर आली असताना कार्यक्रमाचं कंत्राट घेतलेल्या कंपनीने हात वर केले. त्यांना कुठल्याशा नव्या मोटारीच्या अनावरणाचं मोठं काम मिळालं होतं. फोन ठेवून मावशींच्या लेकीने जेवणाच्या टेबलावर डोकं टेकलं. समोर मटार सोलत बसलेल्या मावशींनी आधी तिच्या केसांखालून ताट ओढून घेतलं आणि मग विचारलं, "झालं काय?"

"कंपनी पळाली. हॉल आहे, जेवण आहे, माणसं येणार आहेत. त्यांना बसवायला, बोलतं करायला कुणी नाही."

"माणसं कुठली?"

"निम्मे आमचे समुद्रशास्त्रज्ञ, निम्मे सरकारी अधिकारी. त्यांनी एकमेकांशी बोलायचं, म्हणून तर ही परिषद."

"मग बोलतात का?"

"तीन वर्षं झाली, छे! आमचे लोक एका बाजूला बसतात आणि एकमेकांना आधीच माहीत असलेलं पुन्हा सांगतात. अधिकारी दाराजवळ बसतात, मंत्रीबाईंबरोबर फोटो काढतात आणि जेवून जातात."

मावशींनी हातातली शेंग खाली ठेवली. "म्हणजे दोन्हीकडची मंडळी आली, पोटभर जेवली, आणि मुलगा-मुलगी एकमेकांशी बोललेच नाहीत. अगं, मग हे माझं काम आहे."

ते त्यांचंच काम होतं, यात काही खोटं नाही. मावशी लग्नं जमवायच्या. उभ्या शहरात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. त्या जगाच्या मावशी होत्या. त्यांच्या कचेरीत समोरासमोर ठेवलेले दोन सोफे होते, आणि त्या सोफ्यांवरून रागाने उठून गेलेली माणसंसुद्धा पुढे एकमेकांची व्याही झाली होती. त्यांच्या कारकिर्दीला बट्टा एकच. पोटच्या लेकीने आपलं लग्न आपणच जमवलं, बोटीवरच्या एका इंजिनियरशी, आणि आईला बातमी फोनवर दिली. जावई चांगला निघाला, हे मावशींना जरा जास्तच लागलं होतं.

"आई, हे लग्न नाहीये," लेक म्हणाली.

"दोन घरं आहेत ना? एकमेकांवर विश्वास नाही ना? आणि दोघांपैकी एकाला घाई आहे ना?"

घाई होती, आणि ती लेकीलाच होती. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली गवताचं एक मोठं कुरण होतं. माशांची पिल्लं त्यात लपून लहानाची मोठी होत. लेक शिकत होती तेव्हापासून पाठीवर हवेची टाकी बांधून त्या कुरणात उतरत आली होती. आता बंदराची वाट खोल करायला पुढच्या महिन्यात ड्रेजर येणार होता. तो गाळ उपसणार, पाणी गढूळ होणार आणि तो गाळ कुरणावर बसणार. उजेड मिळाला नाही की हे गवत मरतं. एकदा गेलं की परत आणायला तिचा उभा जन्म पुरला नसता. बंदर खात्याच्या सचिवांनी कामाची वेळापत्रकं थोडी बदलली असती तरी कुरण वाचलं असतं. पण तीन परिषदा झाल्या तरी तिला सचिवांशी "नमस्कार" आणि "जेवण छान आहे" याच्या पुढे जाता आलं नव्हतं.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "पण तू माझी आई आहेस हे कुणालाही सांगायचं नाही. आमच्याकडे म्हणतील, हिने परिषदेला आईला आणलं. तू बाहेरून बोलावलेली समन्वयक."

मावशींना ते लागलं. अख्ख्या शहरात 'माझी लेक, माझी लेक' म्हणून मिरवणाऱ्या बाईला लेकीच्याच दारात परकं व्हायचं होतं. पण काम मोठं होतं. "चालेल," त्या म्हणाल्या आणि उरलेले मटार जरा जोराने सोलले.

मावशींच्या अनुभवाचं सार एवढंच होतं की कुठलंही घर पहिल्यांदा हो म्हणत नाही. मात्र समोरच्याने आधी हो म्हटलंय असं कळलं, की मागाहून हो म्हणायला सगळे एका पायावर तयार असतात. तेव्हा पहिला होकार कुणाचा नसतोच, तो जमवणाऱ्याने आपल्या पदरचा घालायचा असतो. मावशींच्या धंद्यात याला खोटं म्हणत नाहीत, आगाऊ खरं म्हणतात. लेक हॉलची सोय बघायला गेली तेव्हा मावशींनी फोन उचलला.

"सचिवसाहेब, परिषदेतर्फे बोलतेय. तिकडचं सगळं अनुकूल आहे हो. बंदराची वाट खोल व्हायला हवी, हे त्यांना पटलंय."

"पटलंय?" पलीकडून आवाज आला. "त्यांना? तीन वर्षं झाली, मला पाहिलं की ते माशासारखे निसटतात."

"लाजतात, साहेब. तुम्ही फक्त हसतमुखाने या."

दुसरा फोन लेकीच्या संस्थेच्या संचालकांना. त्यांना संस्थेत सगळे 'शक्यतो सर' म्हणत, कारण कुठलीही गोष्ट ठामपणे सांगणं त्यांच्या शास्त्रात बसत नसे. घड्याळ बघूनसुद्धा ते "शक्यतो अकरा वाजलेत" असं सांगत.

"सर, बंदर खात्याचा होकार आहे. कुरणाला धक्का लावायचा नाही, असं साहेबांच्या मनात आहे."

"मनात आहे म्हणजे साधारण किती टक्के?"

"मन टक्क्यांत नसतं, सर."

"लेखी काही मिळेल?"

"पहिल्या भेटीआधी लेखी मागू नये. वाईट दिसतं."

परिषदेच्या दिवशी मावशी सकाळीच हॉलवर हजर झाल्या. दाराजवळच्या सगळ्या खुर्च्या त्यांनी उचलून ठेवायला लावल्या, म्हणजे पळायचं म्हटलं तरी अख्खा हॉल ओलांडावा लागेल. मग एकाही शास्त्रज्ञाशेजारी शास्त्रज्ञ येणार नाही आणि अधिकाऱ्याशेजारी अधिकारी येणार नाही अशा बेताने त्यांनी नावांच्या पाट्या मांडल्या. लोक आले, आपापल्या माणसाशेजारी बसायला धावले आणि पाट्या बघून अडखळले. "बसा हो, चावत नाहीत," मावशी दोन्हीकडच्यांना सांगत होत्या. जेलीफिशवर आयुष्य घालवलेला एक मुखदुर्बळ गृहस्थ जलवाहतूक खात्याच्या उपसचिवबाईंशेजारी आला होता. पाच मिनिटांत तो हातवारे करून काहीतरी सांगू लागला आणि बाई चक्क हनुवटीखाली हात घेऊन ऐकू लागल्या. मावशींनी लांबूनच मान डोलावली.

एका तरुण शास्त्रज्ञाचा आलेख भिंतीवर दिसत होता. त्यातल्या रेषेभोवती राखाडी पट्टा होता.

"हे काय आहे, बाळा?"

"ही आमची अनिश्चितता, मॅडम. म्हणजे आम्ही कुठवर चुकू शकतो ते."

"अरे, पहिल्याच भेटीत कुणी आपली आजारपणं सांगत बसतं का?" मावशी म्हणाल्या. त्याने पट्टा ठेवला, पण जरा फिका केला.

इथवर सगळं मावशींच्या हातात होतं. मग मंत्रीबाई आल्या, वार्ताहर आले, आणि स्वागताचं भाषण करायला शक्यतो सर उठले. मावशींच्या हिशेबाने दोन्हीकडच्यांनी आधी चहा घ्यायचा होता, हसायचं होतं आणि मग हळूच विषय निघायचा होता. कुठल्याही घरात होकार माइकवरून देत नाहीत. पण सरांना आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट पक्की कळली होती आणि ती त्यांच्या पोटात राहीना.

"बंदर खात्याने पाण्याखालचं कुरण वाचवायचा जो निर्णय घेतला आहे," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "त्याबद्दल मी सचिवसाहेबांचा ऋणी आहे." वाक्यात 'शक्यतो' नव्हतं. संस्थेची माणसं चमकून एकमेकांकडे बघू लागली आणि मग त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

पहिल्या रांगेत सचिवांचा चेहरा कोरा झाला. असा काही निर्णय आपण घेतलाय हे त्यांना आठवेना. पण कारकीर्द सरकारात गेलेली. आपण काय निर्णय घेतलाय हे भाषणातून कळायची त्यांना सवय होती. शिवाय समोरच्यांनी आपलं म्हणणं मान्य केल्याचं त्यांना फोनवर कळलंच होतं. देवाणघेवाण असणार, असा त्यांनी अर्थ लावला आणि उठून माइक घेतला. "शास्त्रज्ञांनी बंदराची वाट खोल करायला जी मनमोकळी संमती दिली, तिच्याबद्दल मीही आभार मानतो." आता अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि चेहरा कोरा व्हायची पाळी शक्यतो सरांची आली.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण मंत्रीबाई उभ्या राहिल्या. "तीन वर्षं मी इथे येते आणि फोटो काढून जाते," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा काहीतरी घडलंय. मी समारोपाला परत येते. तुम्ही दोघांनी मिळून काय ठरवलंय, ते लिहून ठेवा. मी स्वतः वाचून दाखवेन." वार्ताहरांनी दोघांना शेजारी उभं करून हात मिळवायला लावले. फोटोत दोघंही नुकताच दात काढून आल्यासारखे हसत होते.

मंत्रीबाईंची गाडी फाटकाबाहेर पडली आणि पडद्यामागे एकच गदारोळ झाला.

"मी कुठली संमती दिली?"

"आणि मी कुठला निर्णय घेतला?"

"मला तसं सांगण्यात आलं!"

"मलाही! कुणी सांगितलं तुम्हाला?"

दोघांनी एकदम चहाच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे मावशी कुणाच्यातरी कपात दुसऱ्यांदा साखर घालत होत्या.

लेकीने त्यांना दंडाला धरून खुर्च्या ठेवायच्या खोलीत नेलं. दार लोटलं आणि हलक्या आवाजात, पण दात ओठ खात म्हणाली, "आई, काय केलंस हे?"

"सुरुवात करून दिली."

"आता दोघंही म्हणतील आमची फसवणूक झाली. साहेब पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाहीत. माझी इतकी वर्षं पाण्यात घातलीस!"

"अगं, तुझी वर्षं पाण्यातच गेली आहेत, तेच तर तुझं..."

मावशी थांबल्या. लेक रडत होती. लहानपणी गुडघे फुटले तरी न रडणारी, काळोख्या पाण्यात एकटी उतरणारी त्यांची लेक एका मोडक्या खुर्चीच्या पाठीला धरून रडत होती. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आजवर त्यांनी कितीतरी मोडलेली लग्नं हसत सावरली होती, पण ती दुसऱ्यांच्या मुलींची होती. आपल्या मुलीचं मोडलं तर आतून कसं होतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. आणि ते मोडणारा हात आपलाच होता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडी फारसं नसायचं, त्यामुळे ते जरा अडखळतच आलं. "डोळे पूस. मी त्या दोघांना आत आणते."

"ते येणार नाहीत."

"टाळ्या पडल्यात ना? मग येतील."

मावशी बाहेर गेल्या. सचिव गाडी बोलवत होते आणि शक्यतो सर घाम पुसत होते.

"साहेब, सर, माझ्यावर ओरडायचं ते सावकाश ओरडा, मी कुठे पळत नाही," मावशी म्हणाल्या. "पण आता मोडलं, तर संध्याकाळी मंत्रीबाईंसमोर नाक कुणाचं कापलं जाईल? माझं नाही, मला कोण ओळखतं! जमल्याचं जाहीर झालंय. आता निदान एकदा मुलाने-मुलीने बोलून तर घ्या."

"मुलगा कोण?" सचिवांनी डोळे वटारून विचारलं.

"तुम्ही, साहेब. या."

खोलीत रचलेल्या खुर्च्यांमधल्या चार काढून मावशींनी मांडल्या. दोन समोरासमोर, एक बाजूला आणि एक दाराला टेकून. दाराजवळच्या खुर्चीवर त्या स्वतः बसल्या. आता बाहेर पडायचं तर त्यांच्या अंगावरूनच जावं लागलं असतं.

"मला एवढंच सांगा," सचिव म्हणाले, "की काम किती दिवस थांबवायचं? जहाज गाळात रुतलं की फोन मला येतात. मासे फोन करत नाहीत."

"त्याला बरेच घटक आहेत," शक्यतो सरांनी सुरुवात केली. "पाण्याचं तापमान, शक्यतो..."

"सर," मावशी दारातून म्हणाल्या, "तुम्ही मुलीचे मामा. मामांनी जेवणाचं बघावं. मुलीला बोलू द्या."

सर दुखावले आणि त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली. लेकीने नाक पुसलं, कोपऱ्यातलं एक पोस्टर उलटं केलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर खाडी काढली. बोलताना आधी तिचा आवाज चिरकला. मग खाडीचा काठ काढता काढता तो स्थिरावला, कारण तो काठ तिच्या पायाखालचा होता.

"थांबवा असं मी म्हणतच नाहीये, साहेब. तुम्ही भरतीला उपसता, तेव्हा गढूळ पाणी आत वळतं आणि इथे कुरणावर येतं. ओहोटीला उपसलंत तर तेच पाणी बाहेर खोल समुद्रात जाईल."

"ओहोटीलाच काम करायचं? दुप्पट वेळ लागेल!"

"नाही लागणार. आत्ता तुम्ही उपसलेला गाळ भरती परत तुमच्याच वाटेत आणून टाकते. मी मोजलंय, खाली बसून बघितलंय. तुम्ही तोच गाळ पुन्हा पुन्हा उपसताय."

सचिवांनी चष्मा काढला आणि पोस्टरजवळ वाकले. "तोच गाळ? दरवर्षी?"

"बराचसा तोच."

"बाई, हे मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. तिन्ही अहवालांत आहे. परिशिष्टात."

"परिशिष्ट कोण वाचतं?"

"आम्ही वाचतो," शक्यतो सर दुखऱ्या आवाजात म्हणाले.

मग मात्र खोलीत खरं बोलणं सुरू झालं. सचिव रागावले, लेक त्यांच्याहून जास्त रागावली. ते एक पाऊल मागे आले, ती अर्धं आली. पिल्लांच्या मोसमात आतल्या अंगाला ड्रेजरने फिरकायचं नाही, यावर ती अडून बसली. बाहेरच्या अंगाला काम चालू राहील, यावर ते अडून बसले. शक्यतो सरांनी खरोखरच बाहेर जाऊन जेवणाची ताटं आणली. खाता खाता सचिवांनी विचारलं, खाली दिसतं तरी कसं? लेक सांगू लागली. वरून उन्हाचे पट्टे उतरतात, पाती एकाच दिशेने वाकतात आणि बोटाच्या पेराएवढे मासे तुमच्या हातापाशी येऊन थांबतात. सचिवांचा घास हातातच राहिला.

मावशींना यातलं निम्मंही कळत नव्हतं. पण त्या लेकीकडे बघत होत्या. त्यांच्या सोफ्यावर आजवर किती मुली येऊन बसल्या! विचारलं तेवढंच बोलायचं, ही शिकवण घेऊन आलेल्या. आणि ही त्यांची लेक, अख्ख्या बंदराच्या धन्याला पेनाचं टोपण धरायला लावून त्याच्यासमोर रेघ ओढत होती आणि सांगत होती, इथून पुढे नाही. कुणी शिकवलं हिला हे? मावशींनी नाही. त्यांना तर वाटलं होतं की पहिला होकार आपण पदरचा घातल्याशिवाय हिचं काही जमणारच नाही. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला, थोडी लाजही वाटली, आणि दोन्ही लपवायला त्यांनी उगाच दाराची कडी तपासली.

समारोपाला मंत्रीबाईंनी निवेदन वाचलं. ते चार ओळींचं होतं आणि त्यात एकही परिशिष्ट नव्हतं. गाळ ओहोटीला उपसायचा, पिल्लांच्या मोसमात आतलं अंग बंद, आणि ड्रेजर कुठे चालवायचा ते संस्थेने आखून द्यायचं. सकाळच्या टाळ्या आपापल्या बाजूच्या होत्या. आताच्या सगळ्यांच्या होत्या, कारण मावशींनी मांडलेल्या पाट्यांमुळे बाजूच उरल्या नव्हत्या.

"हे जमवलं कुणी?" मंत्रीबाईंनी विचारलं. "मला त्यांना पुढच्या कामाला न्यायचंय."

शक्यतो सर लगबगीने उठले. "त्या एक बाहेरून बोलावलेल्या समन्वयक आहेत, मॅडम. त्यांचं नाव शक्यतो..."

"बाहेरच्या नाहीत," लेक म्हणाली. ती कधी व्यासपीठावर चढली आणि तिने कधी सरांच्या हातातून माइक घेतला, हे मावशींना दिसलंच नव्हतं. "मीच तसं सांगायला लावलं, ते माझं चुकलं. ती माझी आई आहे."

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मावशींकडे सगळ्या माना वळल्या. जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नव्हतं, त्या बाईला एक शब्द सुचेना. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सचिवांचा आवाज आला. "थांबा, थांबा! म्हणजे या बाई पहिल्यापासून मुलीकडच्या होत्या?"

सगळा हॉल हसला. मंत्रीबाई हसल्या, जेलीफिशवाले आणि उपसचिव टेबल बडवून हसले, आणि ज्यांनी तोच गाळ वर्षानुवर्षं उपसला होता ते सचिवसुद्धा कपाळावर हात मारून हसू लागले. मावशींनी भिंत सोडली, डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि ताठ उभ्या राहिल्या.

"होय साहेब," त्या म्हणाल्या. "मुलगी माझी आहे." आणि ते शेवटच्या रांगेतून पहिल्या रांगेपर्यंत पोहोचवायला त्यांना माइक लागला नाही.